रजोनिवृत्ति म्हणजे सुखनिवृत्ति नव्हे

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आंठ्या पडल्या असतील आणि कोणी घाईघाईनें रेडिओचा आवाज बारीकही केला असेल. त्यांना माझी विनंति अशी कीं, आवाज बारीक ठेवा, परंतु यंत्र बंद करूं नका. मी वैद्य नाहीं कीं शास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळामास्तरकी केलेला एक निवृत्त माणूस आहें. मग उतारवयांतील स्त्रियांचें कामजीवन आणि त्याला साह्यकारी होणारीं साधनें, या विषयांत मीं कां पडावें? त्याचें उत्तर असें कीं, माझ्या डोक्यावर एक जुनी बाकी आहे, आणि ती फेडण्याची ही संधि आहे.

शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शेवटीं शेवटीं मानवी प्रजननावर एक प्रकरण असे. तें आलें म्हणजे मी वर्गांत प्रतिवर्षीं एकच वाक्य उच्चारीत असें: “हें प्रकरण घरीं वाचा.” घरीं तें कोणी वाचीत नसे, हें मला ठाऊक होतें, आणि घरीं कोणाला विचारण्याची सोय नव्हती, हेंही ठाऊक होतें. त्या पहिल्या वर्गांतल्या मुली आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. जें त्यांना पंधराव्या वर्षीं मीं सांगितलें नाहीं, त्याचा पुढचा भाग त्यांना आजही कोणी सांगत नाहीं.

या गोष्टीचा चटका मला स्वतःच्या घरांतच बसला. पत्नीच्या अनुमतीनें, किंबहुना तिच्याच आग्रहावरून, हा प्रसंग सांगत आहें. तिनें पन्नाशी गांठली, आणि थोड्याच दिवसांत नातीच्या अभ्यासाचें निमित्त करून तिनें आपलें अंथरूण दुसऱ्या खोलींत नेलें. मीं मनाशीं म्हटलें, वय झालें, विरक्ति आली, प्रकृतीचा धर्मच तो. मनांतल्या मनांत थोडा रुसलों, आणि रुसलों हें कोणाला कळूं दिलें नाहीं. अशीं चार वर्षें गेलीं. पुढें तिला मूत्रमार्गाचा दाह वारंवार होऊं लागला, म्हणून एका डॉक्टरीणबाईंकडे जाणें झालें. त्या बाईंनीं दार लावून घेऊन तिला साधे चार प्रश्न विचारले. घरीं आल्यावर पत्नी म्हणाली, “मला दुखत होतें.” मीं विचारलें, “चार वर्षें? मग बोलली कां नाहींस?” ती म्हणाली, “अहो, कोणत्या शब्दांत सांगणार होतें?”

मी मराठी शिकविणारा मास्तर. आणि माझ्याच घरांत एका दुखण्याला शब्द नव्हता! मला विरक्ति वाटली ती वेदना होती. श्रोतेहो, असा चुकीचा अर्थ किती घरांत लावला जात असेल, या विचारानें मी अस्वस्थ झालों, आणि त्या दिवसापासून या विषयावर जें विश्वसनीय म्हणून हातीं लागलें तें वाचीत सुटलों. त्यांतील सार आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम शरीरांत काय घडतें तें पाहूं. सुश्रुतसंहितेंत ऋतुप्राप्ति बाराव्या वर्षीं व ऋतुनिवृत्ति पन्नासाव्या वर्षीं सांगितली आहे. हें निरीक्षण आजही फारसें चुकत नाहीं. आपल्या देशांत पाळी जाण्याचें सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास येतें. ओळीनें बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें वैद्यक समजतें. या सुमारास बीजकोशांतून निघणारा इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव उतरणीस लागतो. योनिमार्गाचें अस्तर जाड, लवचिक व ओलसर ठेवण्याचें काम हाच स्राव करीत असतो. तो आटला म्हणजे अस्तर पातळ व कोरडें होतें, लवचिकपणा जातो, रक्ताचा पुरवठा घटतो. तारुण्यांत योनिमार्गांत एक सौम्य आम्लता असते व तिच्यामुळें उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाहीं. ती आम्लता कमी झाली कीं आग, खाज, मूत्रमार्गाचा दाह हीं एकामागून एक येऊं लागतात. समागम दुखरा होतो; कधीं सूक्ष्म जखमाही होतात. पूर्वीं वैद्यक या अवस्थेला योनीचा ऱ्हास अशा अर्थाचें नांव देत असे. २०१४ सालीं दोन वैद्यकीय संस्थांनीं मिळून तें नांव बदललें आणि जननमार्ग व मूत्रमार्ग या दोहोंचा निर्देश करणारें नवें नांव रूढ केलें. नांव बदलण्याचें एक कारण तर असें होतें कीं, जुना शब्द उच्चारावयास रुग्ण आणि डॉक्टर दोघेही संकोचत! म्हणजे शब्दाची अडचण केवळ आमच्या घरापुरती नव्हती.

येथें एक भेद ध्यानीं ठेवण्याजोगा आहे. रजोनिवृत्तीच्या वेळीं अंगाची लाही होते, घाम फुटतो, झोंप उडते. हे त्रास बहुधा कांहीं वर्षांनीं ओसरतात. कोरडेपणाचें तसें नाहीं. उपाय न केल्यास तो राहतो, आणि वयाबरोबर वाढतो. आपल्याकडील स्त्रीचें सरासरी आयुर्मान आज सत्तरीच्या पुढें गेलें आहे. म्हणजे पाळी गेल्यावर आयुष्याचीं पंचवीस वर्षें तरी उरतात. एवढा काळ “सोसा” म्हणून सांगणें हा कोठला न्याय?

“परंतु या वयांत असली इच्छा असते तरी का?” असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मोजमाप करून मिळालेलें आहे. अमेरिकेंत ५७ ते ८५ या वयाच्या ३००५ स्त्रीपुरुषांच्या भेटी घेऊन केलेली एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. ५७ ते ६४ या वयोगटांतील शेंकडा ७३ व्यक्तींचें कामजीवन चालू होतें. ६५ ते ७४ या गटांत तें प्रमाण ५३ होतें. आणि ७५ ते ८५ या गटांतही २६ होतें. कामजीवन चालू असलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ३९ स्त्रियांनीं कोरडेपणाची तक्रार सांगितली. मला विशेष खुपला तो पुढचा आंकडा. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशीं एकदां तरी बोललेले पुरुष शेंकडा ३८ होते, आणि स्त्रिया शेंकडा २२. जो समाज आपण मोकळेपणाबद्दल प्रसिद्ध समजतों, त्याची ही स्थिति. मग आपली काय असेल, तें मीं सांगावयास नको.

आतां उपायांकडे वळूं. ते पायरीपायरीनें आहेत, आणि पहिली पायरी अगदीं सोपी आहे.

पहिला उपाय वंगणाचा. औषधाच्या दुकानांत ल्युब्रिकंट जेल या नांवानें तें मिळतें. समागमाच्या वेळीं लावावें, घर्षण कमी होतें, वेदना टळते. याचे तीन प्रकार आहेत: पाण्याचें, सिलिकोनचें व तेलाचें. पाण्याचें वंगण धुवून काढण्यास सोपें, परंतु लवकर सुकतें. सिलिकोनचें अधिक वेळ टिकतें. तेलाचें वंगण निरोध वापरणाऱ्यांनीं वर्ज्य करावें, कारण तेलानें रबर कमजोर होऊन फाटतें. आपल्याकडे हात सहज खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. पाण्याचें वंगणही फार दाट असल्यास अस्तरांतील पाणी ओढून घेतें व उलट आग करितें. याकरितां जागतिक आरोग्य संघटनेनें २०१२ सालीं वंगणांच्या दाटपणाची मर्यादा सुचविली. सामान्य ग्राहकानें इतकें पाहावें कीं, त्यांत सुगंध, रंग किंवा उष्णता आणणारीं द्रव्यें नसावीं आणि ग्लिसरीनचा भरणा फार नसावा.

दुसरा उपाय ओलावा टिकविणाऱ्या मलमांचा. वंगण हें प्रसंगापुरतें असतें. हें मलम मात्र दर दोनतीन दिवसांनीं, समागम असो वा नसो, नियमानें वापरावयाचें असतें. हिवाळ्यांत फुटलेल्या टांचांना आपण रोज रात्रीं कोकम लावतों, तसाच हा प्रकार. बसतां-उठतां, चालतांना होणारी आग यानें कमी होते. म्हणून एकट्या स्त्रियांनाही याचा उपयोग आहे. याबरोबर एक पथ्य सांगतों. साबणानें किंवा जंतुनाशकानें आंतून धुण्याची संवय सोडावी. त्यानें स्वच्छता वाढत नाहीं, कोरडेपणा मात्र वाढतो.

तिसरा उपाय डॉक्टरांच्या हातचा. इस्ट्रोजेन अत्यल्प प्रमाणांत असलेलें मलम किंवा गोळी योनिमार्गांत ठेवावयाची असते. बहुधा पहिले दोन आठवडे रोज, आणि पुढें आठवड्यांतून दोनदां. हें औषध मुख्यत्वें जागच्या जागीं काम करितें. रक्तांत त्याचा फारच थोडा अंश जातो. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत अंतःस्रावांच्या पोटांत घ्यावयाच्या गोळ्यांनीं कांहीं धोके वाढतात असें दिसून तो भाग मध्येंच थांबविण्यांत आला. तेव्हांपासून अंतःस्रावांचें नांव काढलें कीं लोक दचकतात. परंतु पोटांत घ्यावयाची गोळी आणि जागेवर लावावयाचें मलम यांस एकाच मापानें मोजणें बरोबर नाहीं. तथापि ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल त्यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून हें औषध घेऊं नये. आणि एक गोष्ट सर्वांनीं गांठीस बांधून ठेवावी: पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी तो कोरडेपणाच्या माथीं न मारतां तपासणी करून घ्यावी.

चौथा उपाय व्यायामाचा. ओटीपोटाच्या तळाशीं जे स्नायु आहेत, ते लघवी रोखून धरतांना आपण आंवळतों तसे आंवळावे, पांचसहा अंक मोजावे, सैल सोडावे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानें १९४८ सालीं हा व्यायाम प्रसिद्ध केला. खोकतां-शिंकतां लघवी सुटण्याचा त्रास यानें कमी होतो आणि त्या भागाची जाणीवही सुधारते. उलटपक्षीं, कित्येक स्त्रियांचे हेच स्नायु वेदनेच्या भीतीनें आक्रसून राहिलेले असतात. त्यांना आंवळण्यापेक्षां सैल सोडणें शिकावें लागतें. अशांसाठीं, तसेंच गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्यांसाठीं, क्रमाक्रमानें जाड होत जाणाऱ्या गुळगुळीत कांड्यांचा एक संच मिळतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानें तो वापरल्यास मार्ग आक्रसत नाहीं.

आतां ज्या साधनाचें नांव काढतांच लोक कानांवर हात ठेवतात, त्या कंपनयंत्राविषयीं, म्हणजे व्हायब्रेटरविषयीं. वयाबरोबर नाडीतंतूंची संवेदना मंदावते, रक्ताचा ओघ कमी होतो, आणि तृप्तीला अधिक वेळ व अधिक उद्दीपन लागतें. हलक्या कंपनानें त्या भागाकडे रक्त येतें. इतकें साधें त्याचें शास्त्र आहे. ही पाश्चात्यांनीं आणलेली विकृति, असें म्हणणारांस मी नम्रपणें आठवण देतों कीं, वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या सातव्या अधिकरणांत कृत्रिम साधनांचें वर्णन असून त्यांना ‘अपद्रव्य’ अशी संज्ञाही दिलेली आहे. उलट, पाश्चात्य डॉक्टर एके काळीं हें यंत्र स्त्रियांच्या उन्मादावर सर्रास वापरीत, ही जी कथा सांगतात, ती १९९९ सालच्या एका पुस्तकानें लोकप्रिय झाली. २०१८ सालीं दोन संशोधकांनीं मूळ कागद तपासून तिला आधार नसल्याचें दाखविलें. ग्रॅनव्हिल या इंग्रज डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकांत तसलें यंत्र बनविलें खरें. परंतु आपण स्त्रियांवर त्याचा प्रयोग टाळल्याचें त्यानें १८८३ च्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. स्त्रीच्या सुखाभोंवतीं अज्ञान किती आणि कल्पित कथा किती, याचा हा नमुना!

२००० सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें स्त्रीच्या कामविकारावरील एका उपकरणास वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. सौम्य चोषणानें रक्ताचा ओघ वाढविणें हें त्याचें काम. अशा वस्तु कशा बनवाव्या, कोणतीं द्रव्यें वापरावीं, याचें आंतरराष्ट्रीय मानकही २०२१ सालीं निघालें. आपल्याकडे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं शरीरमर्दनाच्या यंत्रांची आयात अश्लील म्हणून अडविली होती. १९६४ च्या एका अधिसूचनेचा आधार त्यांनीं घेतला होता. २०२४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें अडविणें मान्य केलें नाहीं. या निकालाचा अर्थ सर्व बंधनें उठलीं असा मुळींच नाहीं. परंतु वस्तु पाहण्याऐवजीं कल्पनेनें तिला अश्लील ठरविण्याचा मार्ग न्यायालयास पटला नाहीं, एवढें खरें. वापरणारांनीं काळजी ही घ्यावी: वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचें, गुळगुळीत, छिद्रें नसलेलें साधन असावें, वापरण्यापूर्वीं व नंतर तें धुवावें, दुसऱ्यास देऊं नये, आणि सिलिकोनच्या साधनाबरोबर सिलिकोनचें वंगण वापरूं नये, त्यानें पृष्ठभाग खराब होतो.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, “मास्तर, वानप्रस्थाचें हें वय, या वयांत ही विद्या कशाला?” हा आक्षेप मी गंभीरपणें घेतों. ज्या दांपत्याला दोघांच्या राजीखुषीनें विरक्ति हवी असेल, त्यांना माझा नमस्कार. ज्या स्त्रीला इच्छाच नाहीं, तिच्या ‘नको’ या शब्दाला तारुण्यांत होता तितकाच मान उतारवयांतही असला पाहिजे. वर सांगितलेलीं साधनें तिला ‘कर्तव्याला’ जुंपण्यासाठीं नाहींत. परंतु वेदनेमुळें पत्करलेल्या मौनाला विरक्ति हें मोठें नांव देऊं नये. आणि हा आक्षेप पुरुषाला कोणी घेतो काय? १९९८ सालीं पुरुषांसाठीं एक गोळी बाजारांत आली. हृदयविकारावर नायट्रेटचीं औषधें घेणारांनीं ती घेऊं नये, घातक ठरते, हें जातां जातां सांगतों. त्या गोळीला घरोघर मूक मान्यता मिळाली. पतीची शक्ति परत आली. परंतु त्याच घरांतील पत्नीच्या कोरडेपणाची चौकशी कोणीं केली? परिणाम असा झाला कीं, कित्येक घरांत एकाचें औषध हें दुसरीचें दुखणें होऊन बसलें.

आणि ज्यांना पति नाहीं त्यांचें काय? विधवा, परित्यक्ता, अविवाहित, सर्वांचें शरीर त्याच नियमांनीं चालतें. आपल्या खोलींत, आपल्या शरीराविषयीं, कोणाचेंही वाईट न करितां एखादी स्त्री जो निर्णय घेईल, त्याचा जाब विचारण्याचा अधिकार मुलासुनांना नाहीं आणि शेजारणींना तर नाहींच नाहीं.

या ठिकाणीं एका मराठी माणसाची आठवण केल्यावांचून राहवत नाहीं. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यांत सरळ मराठींत उत्तरें दिलीं जात. त्या उत्तरांपायींच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं न्यायालयांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरी निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांना दंड भरावा लागला. मराठींत हे शब्द उच्चारण्याची किंमत एका माणसानें अशी भरून ठेविली आहे. आपण ते फुकट मिळत असूनही वापरीत नाहीं.

म्हणून शेवटीं तीनच वाक्यें देतों. भगिनींनो, डॉक्टरांपुढें बसल्यावर एवढेंच म्हणा: “पाळी गेल्यापासून मला कोरडेपणा आहे आणि त्या वेळीं दुखतें.” या एका वाक्यावर तपासणीला आरंभ होतो, ऐकून हंसणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्याकडे जा. पतीला म्हणा: “तुम्ही नकोसे झालां नाहीं, दुखणें नकोसें झालें आहे.” आणि पतिराजांनो, तिच्या बोलण्याची वाट पाहूं नका, आज रात्रीं आपणच विचारा: “तुला त्रास होतो का?” उत्तर काय येईल, याची भीति बाळगूं नका. मीं चार वर्षें विचारलें नाहीं, त्याचा पश्चात्ताप त्या उत्तराहून पुष्कळ जड आहे.

आमच्या घरीं पुढें काय झालें, हें सांगण्याचें कारण नाहीं. एवढें सांगतों कीं, नातीच्या अभ्यासाला आतां ती खोली एकटीला मिळाली आहे.

“हें प्रकरण घरीं वाचा,” असें मीं जन्मभर सांगितलें. आज तेंच पुन्हां सांगतों; परंतु या खेपेस दोघांनीं मिळून वाचा.